डाव्या हाताचं चाक

'नागिन'मधली पुंगी ही पुंगी नव्हतीच, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. १९५४ सालचा तो चित्रपट, संगीत हेमंतकुमारांचं. ज्या सुरावटीवर आजही वरातीत कुणीतरी रुमाल दातात धरून रस्त्यावर लोळतो, ती वाजवली होती कल्याणजी वीरजी शाह यांनी, क्लाव्हिओलिन नावाच्या वाद्यावर. जोडीला हार्मोनियमवर रवी. कल्याणजींचं तेव्हा 'कल्याणजी-आनंदजी' व्हायचं होतं आणि रवीही अजून संगीतकार म्हणून पुढे आले नव्हते.

क्लाव्हिओलिन फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली बनवलं. तीन सप्तकांचा कीबोर्ड, आत व्हॉल्व्ह, एका वेळी एकच सूर, आणि आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायची दांडी. युरोपात ते पियानोवाल्यांना विकलं जाई: पियानोच्या पट्ट्यांखाली अडकवा आणि उजव्या हाताने व्हायोलिन किंवा ट्रम्पेटसारखं काहीतरी वाजवा. इंग्लंडच्या लोकांनी १९६२ मध्ये त्याच्यातून 'टेलस्टार' काढलं, म्हणजे उपग्रहाचं गाणं. आपल्या मुंबईने त्याच्या आठ वर्षं आधी त्याच्यातून साप काढला होता.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मी विजेवर चालणारी वाद्यं दुरुस्त करतो. १९८६च्या सुमारास लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत एका दुकानात हाताखाली लागलो, ते आता परळच्या खोलीत स्वतःचं टेबल टाकून बसलोय. सिंथेसायझरच्या इतिहासावर जे काही वाचायला मिळतं त्यात पहिल्या पानावरच अंतराळ, प्रयोगशाळा आणि 'भविष्याचा आवाज' असतो. तिकडच्यापुरतं ते खरंही असेल. पण मुंबईत ही यंत्रं भविष्याच्या ओढीने कुणी आणली नाहीत. उद्या सकाळी नऊच्या सेशनला एक आवाज हवा असे आणि तो काढून देणाऱ्याला काम मिळे. आणि त्याहून आतलं कारण म्हणजे, पट्टीच्या वाद्याला आपल्याकडे जे कधीच जमलं नव्हतं ते या पेट्यांना थोडंफार जमलं. मींड जमली, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं.

पट्टीच्या वाद्याचं आणि आपल्या गाण्याचं भांडण जुनं. संगीत नाटकं पेटी आणि ऑर्गनवर जगली, पण शास्त्र बघणाऱ्यांनी पेटीला कधी पोटाशी धरलं नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तारा मोजत बसले. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांनी प्रमाण मानला आणि बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१०मध्ये काढलं. क्लेमेंट्स नावाचे गोरे न्यायाधीश त्यांना सामील झाले. त्या दोघांनी लंडनहून जादा सुरांची 'श्रुती हार्मोनियम' घडवून आणली. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली आणि तिथे तिच्यावर चांगलाच काथ्याकूट झाला. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना ती पटली नाही. पुढे १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला दारच बंद केलं, ते १९७१पर्यंत.

आक्षेप दोन होते. एक, सूर बारा खुंट्यांना बांधलेले. दोन, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, उडीच मारावी लागते. देवलांनी पहिल्यावर आयुष्य घालवलं. दुसऱ्यावर कुठल्याच पेटीवाल्याकडे औषध नव्हतं, कारण पितळी रीड एकदा घासून बसवली की ती तेवढ्याच उंचीवर बोलते.

वीज तशी नाही. १९६४मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्गला रॉबर्ट मूग आणि संगीतकार हर्बर्ट डॉइच यांनी जे जमवलं त्याचं मर्म एका वाक्यात सांगता येतं: पट्टी दाबली की सूर वाजत नाही, व्होल्टेज निघतं, आणि एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. आता दोन व्होल्टेजच्या मध्ये कुठेही थांबता येतं. घसरत जाता येतं. मूग यांच्या कंपनीने १९७० साली मिनीमूग काढला, त्यात ४४ पट्ट्या आणि डावीकडे दोन चाकं. त्यातलं एक फिरवलं की सूर वाकतो. हात काढून नुसतं 'ग्लाइड'चं बटण वाढवलं तरी सूर एकमेकांत ओघळतात. त्या चाकाचा वापर तिकडे गिटारसारखी तार ओढल्याचा भास करायला झाला. आपल्याकडच्या वादकाने पहिल्याच दिवशी त्यावर काय केलं असेल हे सांगायला नको.

मजा अशी की मिनीमूग यायच्या आधी मोठा मूग भारतात येऊन बसलाही होता, अहमदाबादला, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली. गीता साराभाई यांनी १९४६मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांच्याशी गुरूशिष्याची अदलाबदल केली होती: त्यांना हिंदुस्थानी संगीत दिलं, त्यांच्याकडून पाश्चात्त्य घेतलं. त्याच ओळखीपाळखीतून केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर आले आणि त्यांनी स्टुडिओ उभा करून दिला. तिथे तीन-चार वर्षं टेपा भरल्या गेल्या आणि मग त्या कपाटात पडून राहिल्या. पॉल पुर्गस या इंग्लंडच्या कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३मध्ये त्यांची रेकॉर्ड निघाली. ऐकण्यासारखी आहे. पण त्या खोलीतून बाहेर रस्त्यावर काही आलं नाही. सिंथेसायझर आपल्या कानावर पडला तो सिनेमामुळे.

त्यात पहिलं नाव केर्सी लॉर्ड यांचं. वडील कावस लॉर्ड तालवाद्यवाले, भाऊ बुजी व्हायब्राफोन आणि ड्रमवर. सगळं पारशी घर रेकॉर्डिंगमध्ये. केर्सींनी ग्लॉकेनस्पील वाजवलं, अ‍ॅकॉर्डियन वाजवलं आणि सत्तरच्या दशकात मिनीमूग आणला. त्या काळी स्टुडिओकडे वाद्यं नसत. वाद्य वादकाचं, टॅक्सीत घालून आणायचं वादकाने, आणि मोबदला दिवसाच्या सेशनचा. परदेशी यंत्र म्हणजे जकात, परकीय चलनाची अडवणूक आणि ओळखीचा कुणीतरी जहाजावर किंवा विमानात. इतकं करून आणलेली वस्तू शौकाची राहत नाही, ती पोट भरायला लागते. पंधरा-वीस व्हायोलिनवाल्यांच्या शेजारी ही एक पेटी ठेवलेली बघून त्यांच्या मनात काय आलं असेल? भीती तेव्हापासून होती. ती खरी व्हायला वीस वर्षं लागली.

मिनीमूगचं एक दुखणं दुरुस्तीवाल्याला विचारा. व्होल्टेजचं सुरात रूपांतर करणारा जो भाग असतो तो तापमानाला फार हळवा. वातानुकूलित स्टुडिओत लावलेला सूर दुपारी दिवे आणि माणसं वाढली की चढतो किंवा उतरतो. तीन ऑसिलेटर तीन दिशांना. बाजूला बसलेला सतारिया जसा गाण्यागणिक कान पिळतो तसं या विजेच्या वाद्यालाही दर अर्ध्या तासाने लावून घ्यावं लागे. जुन्या वादकांना त्यात काही वावगं वाटत नसे. वाद्य म्हटलं की ते लावायचंच. सुरात नसलेलं यंत्र घेऊन 'हे बिघडलंय' म्हणत येणारी पिढी नंतरची.

आता चरणजित सिंग. त्यांच्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय, आणि बहुतेक एकाच सुरात.

चरणजित सिंग सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गिटार, बेस आणि कीबोर्ड वाजवत. शिवाय सिनेमातल्या गाण्यांच्या वाद्यावर वाजवलेल्या धुनांच्या रेकॉर्डी करत, ज्या त्या काळी हॉटेलात, लग्नाच्या हॉलमध्ये आणि रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत वाजायच्या. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं त्यांनी सिंगापूरला घेतली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ताल-यंत्र आणि टीबी-३०३ बेस-यंत्र. ज्युपिटर म्हणजे २२ किलोचं धूड, आठ सूर एका वेळी. १९८०च्या 'कुर्बानी'पासून डिस्कोची लाट होती. १९८२मध्ये मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले: भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. रेकॉर्ड निघाली आणि पडली. २००२मध्ये एडो बाऊमन नावाच्या डच माणसाला तिची एक प्रत दिल्लीत सापडली, २०१०मध्ये त्याने ती पुन्हा काढली आणि जगभर बोंब झाली की अ‍ॅसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार शिकागोच्या पोरांनी १९८७मध्ये नव्हे, तर मुंबईच्या एका सरदारजींनी त्याच्या पाच वर्षं आधी शोधला.

ही बोंब मला थोडी हास्यास्पद वाटते. शिकागोत कुणी ती रेकॉर्ड ऐकली नव्हती आणि चरणजित सिंगांना नाइट क्लबशी देणंघेणं नव्हतं. दोन्हीकडे आवाज सारखा येतो कारण पेटी एकच आहे. आंब्याला आंब्याचाच वास येणार. त्यापेक्षा नवलाचं आहे ते हे, की त्या पेटीत राग बसला कसा.

टीबी-३०३ एका हातात मावतं. चंदेरी प्लॅस्टिक, मधल्या आकाराचे चार सेल घातले की चालतं. तादाओ किकुमोतो या इंजिनिअरने ते केलं ते एकट्या गिटारवाल्याला घरी सराव करताना बेसची साथ मिळावी म्हणून. त्यात ते साफ नापास झालं, कारण बेस गिटारसारखं ते मुळीच वाजत नाही, चावी दिलेल्या बेडकासारखं वाजतं. शिवाय त्यात धून भरायची पद्धत अशी की भल्याभल्यांनी हात टेकले. आधी सगळे सूर एकामागून एक भरायचे, लय विसरून. मग दुसऱ्या अवस्थेत जाऊन त्या सुरांना काळ द्यायचा: इथे वाजव, इथे लांबव, इथे गप्प. एक घर चुकलं की पुढचे सगळे सूर एकेक घर सरकतात. सेल काढून ठेवले तर आतली आठवण गोंधळते आणि परत लावल्यावर पेटी स्वतःच काहीतरी बरळू लागते; शिकागोकडच्या काही मंडळींना हे बरळणंच आवडलं म्हणतात. सुमारे दहा हजार नग करून रोलँडने १९८४मध्ये ते बंद केलं.

पण भातखंडे पद्धतीची वही ज्याने लिहिलीय त्याला ही रीत इतकी परकी नाही. स्वर एका ओळीत, मात्रांच्या खुणा खाली. आणि ८०८वर तर सोळा बटणांची रांगच आहे, चार तांबडी, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. तबलजीला हे दाखवलं की तो हसतो: त्रितालाचे चार विभाग रंगवून ठेवलेत. अर्थात डिस्कोत ही सोळा घरं म्हणजे चारच ठोके, तेव्हा गणित जुळत नाही, पण बोट ठेवायची सवय जुळते. एका पाच पिनांच्या केबलने ८०८ आणि ३०३ एकमेकांना बांधली की दोघं एका घड्याळावर चालतात. ज्युपिटरच्या अर्पेजिओलाही बाहेरून ठोका देता येतो.

३०३च्या प्रत्येक सुराला दोन खुणा लावता येतात, जोर आणि 'स्लाइड'. स्लाइड लावलेला सूर पुढच्या सुरावर घसरत जातो, मध्ये पुन्हा ठोका न घेता. मालकंसचे सूर भरा, गंधारावरून षड्जावर येताना स्लाइड द्या, आणि फिल्टरचं बटण हळूहळू उघडत न्या: ओळख पटते. फक्त ही मींड दर वेळी तेवढ्याच वेळात, त्याच चालीने होते. तिचा वेग बदलायला पेटीवर बटणच नाही. माणसाच्या गळ्यातली मींड वाटेत रेंगाळते, एखाद्या सुराला शिवून जाते. म्हणून चरणजित सिंगांनी वरची सुरावट यंत्रात भरली नाही, ती ज्युपिटरवर हाताने वाजवली. खाली घड्याळ, वर माणूस. एक हात पट्ट्यांवर, दुसरा डावीकडच्या, सूर वाकवणाऱ्या बेंडरवर. रेकॉर्ड नीट कान देऊन ऐका, खरी करामत त्या डाव्या हाताची आहे. सुरांच्या कडा जिथे विरतात तिथे तो हात काम करतोय.

दहा रागांतले भूपाळी, मेघ मल्हार, कलावती, मालकंस, बैरागी हे पाच राग पाच सुरांचे. तेच उत्तम जमलेत, माझ्या कानाला तरी. पाच सुरांत रागाचा चेहरा चाकोरीतून फिरवला तरी पुसत नाही. तोडी मात्र मला पटत नाही. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमलापेक्षाही उतरलेला हवा आणि ज्युपिटर देतो तो पियानोचा. बेंडरने खाली ढकलून तो आणता येतो, पण सरळ पट्टीवर बोट पडलं की पुन्हा तोच. देवलांचं अर्धं गाऱ्हाणं तिथे शिल्लक राहिलं.

८०८बद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी तरुणपणी घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करत, म्हणजे आमच्याच जातकुळीचे. ८०८मधल्या सळसळत्या आवाजासाठी त्यांनी मुद्दाम तपासणीत नापास झालेले ट्रान्झिस्टर घेतले. कारखाना जे फेकून देई त्यातच तो फुसफुसणारा गुण होता. पुढे ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांचं काम सुधारलं, नापास माल मिळेना, आणि १९८३मध्ये ८०८ बंद पडलं. तोवर बारा हजारांच्या आसपास नग निघाले होते. हे काकेहाशींनीच सांगितलंय. मी ते कळल्यापासून जुन्या पेटीतला भाग 'चांगल्या' नव्या भागाने बदलताना दोनदा विचार करतो.

१९८३ हे साल आमच्या धंद्याचं खरं वळण. जानेवारीत अमेरिकेच्या वाद्यमेळ्यात डेव्ह स्मिथ यांचा प्रोफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ या दोन वेगळ्या कंपन्यांच्या कीबोर्डांना एका केबलने जोडून दाखवलं गेलं. ती मिडी. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स७ आला, स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांच्या गणितावर चालणारा. त्यावर फिरवायला बटणंच नव्हती, सपाट कळा आणि आकडे. बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेले आवाज वाजवले, आत कुणी शिरलंच नाही. सूर मात्र हलेना. थंडी असो, मे महिना असो, तो तिथेच. कान लावायची सवय इथून सुटायला लागली.

मी कामाला लागलो तेव्हाचं गिऱ्हाईक म्हणजे वाद्यवृंद. गणपती, नवरात्र, लग्नं, कोकणातल्या जत्रा, कामगार रंगभूमी, चर्चची क्वायर. ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्याकडे तेव्हा सगळ्यांची नजर. गायिकेची पट्टी काळी चार असो की पांढरी तीन, ट्रान्सपोजचं बटण दाबलं की बोटं तीच आणि गाणं तिच्या पट्टीत. ऑक्टापॅड आला, आणि ढोलकी, हलगी, संबळ हे सगळं आठ रबरी चौकोनांत मावलं. बेंजो पार्टीच्या टेम्पोवर तो अजून असतोच. जुने ढोलकीपटू नाक मुरडत, पण त्यांचीच मुलं पुढे काठ्या घेऊन पॅडवर उभी राहिली.

टेबलावर येणारी दुखणी ठरलेली. सिंगापूर-दुबईचा माल २३० व्होल्टचा, तो तगायचा. जपानहून थेट कुणी नातेवाइकाने आणलेला १०० व्होल्टचा कीबोर्ड कोकणातल्या मंडपात सरळ बोर्डात खुपसला की ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी गेली म्हणून समजा, बरोबर अगरबत्तीसारखा वास. पट्ट्यांखालचे कार्बनचे रबर घामाने आणि दमटपणाने मरत. आठवणीची बॅटरी फुटून तिचं हिरवं पाणी बोर्डावरचे तांब्याचे रस्ते खाई.

आणि ज्युनो-१०६. रोलँडचा १९८४चा, सहा आवाजांचा, हलका, ऐकायला गोड. त्यात दर आवाजाला एक, अशा सहा काळ्या वड्या असतात, राळेच्या लेपात बुडवलेल्या. हा लेप वर्षानुवर्षं हवेतला ओलावा पितो आणि स्वतःच वीज वाहायला लागतो. मग एकेक आवाज खरखरतो, मध्येच अडकतो किंवा मुका होतो. सहाच्या पाळीत एक मुका, म्हणजे गाण्यात दर सहावा सूर गायब. गायक कीबोर्डवाल्याकडे रागाने बघतो आणि कीबोर्डवाला आपल्या बोटांकडे. मुंबईत हे इतर ठिकाणांपेक्षा लवकर होणार हे उघड आहे. इलाज असा: वडी बोर्डावरून सुट्टी करायची, एकही पाय न मोडता, आणि काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून झाकण लावून ठेवायची. दोन-तीन दिवसांनी लेप जांभळाच्या सालीसारखा सैल होतो, तो चिमट्याने सोलायचा. आत मुंगीएवढे भाग दिसतात, तिथे घाई केली की एखादा उपटून येतो. धुवायचं, सुकवायचं, परत लावायचं. बहुधा बोलते. नाही बोलली तर परदेशात कुणीकुणी नव्या बनवतात, त्या मागवायच्या.

नव्वदच्या दशकात 'रोजा' चित्रपटानंतर दोन-तीन माणसांत आणि एका खोलीत गाणं होऊ लागलं. व्होल्टेजची, मिडीची, सँपलची यंत्रं सगळी मिळून व्हायोलिनवाल्यांच्या खुर्च्यांवर बसली. मोठ्या स्टुडिओंचे हॉल ओस पडले. आणि दहाएक वर्षांत ती यंत्रंही बेकार झाली, कारण सगळं कॉम्प्युटरच्या आत गेलं. त्या काळात मी चांगले सिंथेसायझर वजनावर गेलेले पाहिले आहेत. एका मोठ्या स्टुडिओने आवराआवर करताना अख्खी खोली भंगारवाल्याला दिली. मला कळलं तेव्हा टेम्पो निघून गेला होता.

शौकीन आले ते त्याच्यानंतर. यंत्राची नोकरी सुटली की त्याला प्रेम करणारी माणसं भेटतात, हे मी आता पुरतं मान्य केलंय. ३०३चंही तसंच झालं, दुकानात पडून राहिलेलं, कवडीमोलाने विकलेलं, आज चांगल्या दुचाकीच्या भावात जातं. माझ्याकडे येणारी पोरं आयटीतली, अ‍ॅनिमेशनमधली, एक दातांचा डॉक्टर. कुणालाच यातून पैसे नकोत. जर्मनीच्या डीटर डोएप्फर यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेली सुट्या घरांची पद्धत त्यांना वेड लावते: एकेक तुकडा विकत घ्यायचा, रॅकमध्ये बसवायचा, तारांनी जोडायचा. पगार झाला की एक घर वाढतं. जुन्या यंत्रांच्या स्वस्त नकलाही आता निघतात, त्यांत ३०३ची आहे, मिनीमूगची आहे. नकलेला नावं ठेवणारे आहेत. मी ठेवत नाही. ज्या पोराला मूळ यंत्र परवडणार नाही त्याने चाक फिरवून बघायचंच नाही का?

त्यातल्या एकाने परवा कॉर्गचा मोनोलॉग आणला, २०१७चा. साधं, एका वेळी एकच सूर काढणारं यंत्र, क्लाव्हिओलिनसारखंच. त्याचं काही बिघडलं नव्हतं. त्यात प्रत्येक पट्टीचा सूर सेंटमध्ये वरखाली करून साठवता येतो. ही सोय करताना कॉर्गने एफेक्स ट्विन नावाच्या ब्रिटिश संगीतकाराची मदत घेतली होती. सप्तकाचे १२०० सेंट, त्यात पियानोचा कोमल गंधार बरोबर ३००वर. पोराला तोडी लावायची होती.

"काका, गंधार किती खाली घेऊ?"

मी म्हटलं, मला काय विचारतोस, वरच्या मजल्यावर गाण्याच्या बाई राहतात. बाई आल्या, चष्मा लावून त्या इवल्याशा पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी गाते, तू लाव." त्यांनी गंधार धरला. पोराने दहा सेंट उतरवला, वीस, अजून थोडा. "हां, हा." त्याने साठवला. बाईंनी पुढची जागा घेतली, गंधारावरून तीव्र मध्यमाकडे चढणारी, आणि मान हलवली.

"आता लागत नाही रे."

"पण बाई, तुम्हीच तर सांगितलात."

"तो उतरतानाचा. हा चढतानाचा आहे."

त्याने दुसरा साठा केला, नाव दिलं, आणि दोन्हींच्या मध्ये बदल करायला कुठलं बटण दाबायचं ते शोधू लागला. बाईंनी विचारलं, "आणि आंदोलनातला कुठे ठेवणार?"